रुगर जीपी १००: पहिली रिव्हॉल्वर म्हणून कशी वाटली

आधी माझा गाढवपणा सांगतो. पहिली घेताना स्वस्त आणि खिशात मावेल अशी बघितली, दोन इंची नळी, पाच राऊंड (काडतुसं), वजन जेमतेम चारशे ग्रॅम. हातात घेतली तर खेळणंच वाटायचं, पण रेंजवर पाचव्या राऊंडला तळहात झिणझिणायचा आणि त्याहून वाईट म्हणजे ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले, ती खोड मोडायला कित्येक महिने गेले. बंदूक चांगलीच होती हो, नवशिक्यासाठी नव्हती एवढंच.

मग ती विकून जीपी १०० घेतली, चार इंची, स्टीलची, सेकंडहँड. हे मॉडेल १९८५ पासून बनतंय त्यामुळे जुना माल मिळतो आणि नव्यापेक्षा बराच कमी पैशात पडतो. सहा राऊंड, वजन साधारण १.१ किलो. जड आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण धक्का खाऊन टाकतं ते हेच वजन. कॅलिबर ३५७ मॅग्नम, आणि यातच खरी बचत आहे, कारण त्यात ३८ स्पेशल हे काडतूस पण चालतं, गोळी तेवढ्याच जाडीची, फक्त पुंगळी तीन-साडेतीन मिलिमीटर आखूड. धक्का कमी, राऊंडही सहसा स्वस्त, मी तर नव्वद टक्के तेच वापरतो. उलटं मात्र करायचं नाही, ३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये ३५७ अजिबात नाही. आणि खूप ३८ मारल्यावर चेंबरमध्ये (राऊंड बसतो त्या भोकात) काजळीची कडी बसते, मग ३५७ घालताना अडतं, ब्रशने घासली की जाते.

सेकंडहँड बघताना पॉलिशवर जाऊ नका. सिलिंडर (राऊंड भरायचा फिरता गोळा) उघडून रिकामं आहे ना बघा, दोनदा बघा. मग हॅमर (मागचा घोडा) अगदी सावकाश मागे ओढा, तो पूर्ण मागे जाऊन अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर लॉक झालं पाहिजे, आणि हे सहाच्या सहा चेंबरला करून बघायचं, एकावर भागवू नका. लॉक झाल्यावर थोडं हललं तर चालतं, खुळखुळ वाजलं तर ठेवून द्या. उजेडासमोर धरून सिलिंडर आणि नळीमधली फट बघा, ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास ठीक. विकणारा घाई करायला लागला तर मी तरी घेणार नाही. (आणि सिनेमातल्यासारखा झटका मारून सिलिंडर बंद करणाऱ्याकडून तर नकोच, सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतं तो दांडा वाकतो.)

तक्रारी आहेत. डबल अॅक्शनला (हॅमर आधी न ओढता नुसता ट्रिगर दाबून मारताना) ट्रिगर जडच, सुरुवातीला बोट थरथरतं, रिकामी करून रोज थोडी प्रॅक्टिस केल्यावर सुधारलं. कपड्याखाली लपवून फिरायला ही नाहीच. फायर करताना बोट किंवा अंगठा त्या फटीजवळ नेऊ नका, तिथून गरम गॅस बाहेर येतो, हे कुठल्याही रिव्हॉल्वरला लागू.

एकदाच अडली माझी. सिलिंडर बंदच होईना, मला वाटलं गेली. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली न जळलेल्या पावडरचे चार कण अडकले होते, बाकी काही नाही. तेव्हापासून पुंगळ्या काढताना नळी वर धरतो, आणि बॅगेत एक जुना टूथब्रश असतो.