बारा दगडांची पेटी: दहा खरे, दोन फसवे

शाळांसाठी ऑनलाइन मिळणारी ही साडेआठशेची पेटी. बारा खणांत बारा अग्निजन्य खडक, प्रत्येक लिंबाएवढा. पाचपैकी तीन तारे, तेही प्युमिस (लाव्हाच्या फेसाचा सच्छिद्र दगड) आणि ऱ्हायोलाइट (ग्रॅनाइटचा बारीक कणांचा भाऊ) यांच्यामुळे. हे दोन काही आपल्या वावराच्या धुऱ्यावर सापडायचे नाहीत.

नमुने जोडीने मांडा. बेसाल्ट (आपला नेहमीचा काळा दगड) आणि गॅब्रोचा मसाला एकच, सिलिका (वाळूतला मुख्य घटक) ५० टक्क्यांच्या आसपास. गॅब्रो खोल जमिनीत सावकाश निवला, म्हणून स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. बेसाल्टचा लाव्हा वर पसरून झटपट गोठला, त्याचे कण भिंगाशिवाय दिसत नाहीत. ग्रॅनाइट-ऱ्हायोलाइटचं नातंही असंच, फक्त सिलिका ७० च्या पुढे. बेसाल्टच्याच मसाल्याचा, पण भेगांत घुसून गोठलेला डोलेराइट यादीतच नाही.

म्हणजे पेटीत आहे, पण भलत्या नावाने! 'ग्रॅनाइट'च्या खणात स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा, पॉलिशचा तुकडा निघतो. दुकानात तो ग्रॅनाइट. खडक म्हणून डोलेराइट. दोऱ्याने ताणकाट्याला टांगा: हवेत ८० ग्रॅम, पाण्यात ५३. घट २७. हवेतल्या वजनाला घटीने भागा: २.९६, म्हणजे दगड पाण्याच्या इतके पट जड. खऱ्या ग्रॅनाइटचा २.६ ते २.७ येतो. दगड भांड्याच्या तळाला टेकला किंवा त्याला बुडबुडे चिकटले, तर आकडा चुकतो.

'ऑब्सिडियन' म्हणजे खरं तर लाव्हाची नैसर्गिक काच, पण या खणात चक्क भट्टीची काच आहे. पातळ कड उजेडासमोर धरली की बाटलीसारखी हिरवी दिसते. फोडून बघण्यात अर्थ नाही, दोन्ही शिंपल्यासारखेच फुटतात. प्युमिस अस्सल आहे, तरंगतो. बराच वेळ पाण्यात राहिला तर पाणी पिऊन बुडेल, वाळवा.

बेसाल्टला वॉर्निश फासलंय, तो बाजूला ठेवा. गिट्टीच्या खदानीवरून ताजा फुटलेला आणा. दोऱ्याला टांगलेलं चुंबक मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे त्याच्याकडे झुकतं. पांढरे ठिपके असलेला मिळाला तर आणखी बरं. ती लाव्हातल्या वायूची छिद्रं, मागाहून झिओलाइट या खनिजाने भरलेली.

सोबतच्या पत्रकात लोणार हे ज्वालामुखीचं मुख म्हणून छापलंय. ते उल्का आदळून बेसाल्टात पडलेलं विवर आहे, तेवढी ओळ खोडूनच पत्रक मुलांच्या हाती द्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबल्याचे बेसाल्टचे खांब मात्र पत्रकात कुठेच नाहीत. ग्रॅनाइटचा खण रिकामा करून ठेवा. गडचिरोलीकडून कुणी येणार असेल तर एक तुकडा मागवता येईल.