गणपतीपासून पाडव्यापर्यंत: अभ्यंग, वाफ आणि काशाच्या वाटीचा अनुभव

गणपतीच्या दिवसांत सुरू केलेलं अभ्यंग-स्वेदन, म्हणजे अंगाला तेलाचा मसाज आणि मग वाफेचा शेक, मी गुढीपाडव्यापर्यंत खंड न पडू देता घेतलं आणि अजूनही घेते आहे. एका मसाजनंतर हलकं वाटतं हे खरंच आहे, पण ते हलकेपण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत टिकतं. आठवड्यामागून आठवडे तेच केलं की काय होतं, हे कुणी फारसं सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं काम अकाउंट्सचं. दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, उजवा हात माउसवर, मान किंचित पुढे. गेल्या वर्षी मान डावीकडे पूर्ण वळेनाशी झाली आणि रात्री कुशी बदलताना जाग येऊ लागली. आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवलं. मणक्यात वयाप्रमाणे थोडी झीज आहे, नस दबलेली नाही, असं त्यांनी सांगितलं आणि फिजिओथेरपी लिहून दिली. हा टप्पा कुणीही गाळू नये. हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली पकड कमी झाली असेल, रात्री दुखणं वाढत असेल, तर तेल लावणाऱ्यापेक्षा डॉक्टरांची गरज जास्त आहे. फिजिओने दिलेले व्यायाम चांगले होते, पण खांदे इतके आखडलेले असायचे की ते नीट होतच नसत. तिनेच सुचवलं, आधी शेक आणि मसाज घेऊन स्नायू सैल करा, मग व्यायाम. घराजवळ कोथरूडमध्ये एक आयुर्वेदिक क्लिनिक होतं, तिथे नाव घातलं.

पहिल्या दिवशी वैद्यबाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. बीपीची गोळी कोणती, साखर किती, पाळी कधी, पोट साफ होतं का, शेवटचं जेवण किती वाजता. जेवून लगेच मसाज नाही, ताप असताना नाही, अपचन झालेलं असताना नाही. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट यांनी अष्टांगहृदय या ग्रंथात अभ्यंग रोज करावा म्हटलंय, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून, आणि पुढच्याच ओळीत कुणी करू नये तेही सांगितलंय: कफ वाढलेल्यांनी, नुकतंच शोधन (वमन, विरेचन यांसारखे शरीरशुद्धीचे उपचार) घेतलेल्यांनी, अजीर्ण झालेल्यांनी. इतके प्रश्न विचारणारी जागा मला पहिल्याच दिवशी विश्वासाची वाटली.

प्रत्यक्ष सत्र साधारण तासाभराचं. लाकडी द्रोणीवर, म्हणजे मसाजच्या मेजावर, झोपायचं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेली. माझ्यासाठी सुरुवातीला क्षीरबला तेल होतं, थंडीत महानारायण. आधी टाळू आणि कान, मग मान-खांदे, पाठ, हात, पाय. लांब हाडांवर लांब हात फिरतो, सांध्यांवर गोल. त्यानंतर पेटीत वाफ: निर्गुंडीचा पाला आणि दशमूळ घातलेलं पाणी खाली उकळतं, डोकं पेटीबाहेर, त्यावर ओला पंचा. कपाळावर घाम दिसला की मसाज करणाऱ्या ताई थांबवतात, घड्याळ बघत बसत नाहीत. मग थोडा वेळ पडून राहायचं, बेसन किंवा मसुराच्या पिठाने तेल काढायचं आणि कोमट पाण्याने अंघोळ. त्या दिवशी घरी जाताना एसी लावलेल्या गाडीत बसू नका, असं त्या बजावतात.

ताईंबद्दल थोडं जास्त लिहायचं आहे, कारण माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला. मी दर वेळी त्यांच्याकडेच जायचा आग्रह धरला. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या हाताला माझ्या पाठीची ओळख झाली. उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला एक गाठ आहे. तिथे त्या आधी जोर देतच नाहीत, आजूबाजूचं सैल करून मग हळूहळू आत येतात. जोर देतात तो अंगठ्याने नव्हे, मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने आणि स्वतःचं वजन टाकून. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, अंगठ्याने दाबत राहिलं तर चार वर्षांत अंगठाच जातो." या कामात अंगठ्याचे सांधे, मनगटं आणि कंबर खरोखरच लवकर दुखायला लागतात. आपलं दुखणं कमी करणाऱ्या या बायकांना दिवसात किती जणांचं करावं लागतं, मध्ये विश्रांती मिळते का, हे आपण विचारायला हवं. दिवसाला मोजकीच माणसं घेणारं क्लिनिक थोडं महाग पडलं तरी चालेल, असं मला मनापासून वाटतं. थकलेल्या हाताचा मसाज अंगाला कळतोच.

परिणाम कसा आला, ते क्रमाने सांगते. सगळ्यात आधी सुधारली झोप. मसाजच्या रात्री तर गाढ झोप लागायचीच, पण महिन्याभरानंतर मधल्या रात्रींनाही जाग येणं कमी झालं. मानेचा फरक त्यामागून आला. सत्रानंतरचे दोन दिवस मान मोकळी असायची, आणि त्या दोन दिवसांत फिजिओचे व्यायाम पूर्ण करता यायचे. हनुवटी आत ओढण्याचा व्यायाम, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवण्याचा व्यायाम, रबरी पट्ट्याचा व्यायाम. दिवाळीनंतर एकदा ऑफिसच्या गडबडीत व्यायाम बंद पडले, मसाज मात्र चालू होता. आखडलेपण परत आलं. व्यायाम पुन्हा सुरू केल्यावर गेलं. तेव्हापासून माझं स्पष्ट मत आहे की मसाज स्नायूला सैल करून व्यायामाला वाट देतो. त्या वाटेने चालायचं काम आपलं.

हे कसं घडतं याबद्दल स्पाच्या पत्रकांतून बरंच काही छापतात. 'शरीरातली विषं बाहेर पडतात' हे त्यातलं नेहमीचं. विषारी द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, पाठ चोळल्याने ते होत नाही. 'स्नायूत साठलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं' हेही खरं नाही. व्यायामानंतर ते साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 11 तरुणांना दमवणाऱ्या व्यायामानंतर एका पायाला 10 मिनिटं मसाज दिला, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले. मसाज दिलेल्या पायात दाहाचे संकेत कमी दिसले. लॅक्टिक ॲसिडमध्ये फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, पण स्पर्शाने आत काहीतरी घडतं एवढं त्यातून दिसतं. बाकी मला अंगाला कळलेली गोष्ट साधी आहे. संथ, एका लयीतल्या दाबाने श्वास खोल जातो, नाडी मंदावते, आणि दुखेल या भीतीने स्नायूंनी धरून ठेवलेला ताण सुटतो. कंबरदुखीवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तरी सूर हाच निघतो: थोड्या काळासाठी आराम मिळतो, कायमचा इलाज म्हणून भक्कम पुरावा नाही.

मध्यंतरी वाढदिवसाला मैत्रिणींनी एका मोठ्या मॉलमधल्या स्पाचं व्हाउचर दिलं. मंद उजेड, सुगंधी तेल, गरम टॉवेल, पायांवर फुलांचं पाणी, सगळं सुंदर. स्वीडिश पद्धतीचा मसाज करणारी मुलगी मिझोरमची होती, हात अतिशय हलका आणि सफाईदार. तिथे तासभर मन जितकं निवलं तितकं क्लिनिकमध्ये कधी निवलं नाही, कारण क्लिनिकमध्ये शेजारच्या खोलीतला काढ्याचा वास आणि फोनची रिंग असतेच. पण तिथे मानेबद्दल कुणी एक प्रश्नही विचारला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी 'डीप टिश्यू' घेतला, तेव्हा कोपराने दिलेल्या जोरामुळे खांद्यावर निळा डाग पडला आणि चार दिवस हात वर जाईना. दुखेल तितका गुण येतो हा समज फार पसरलाय. माझा अनुभव उलटा आहे. श्वास रोखावा लागेल इतका दाब असेल तर थांबवायला सांगा.

आणि एक कळकळीची विनंती. केस कापायच्या दुकानात डोक्याला तेल थापून शेवटी मान कटकन मोडून देतात, ते करून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला अशा झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. क्वचित घडतं, पण घडतं. डोक्याची चंपी जरूर करून घ्या, मान मात्र मोडू देऊ नका.

आता काशाची वाटी. ही मी तुळशीबागेतून घेतली, 600 रुपयांच्या आसपास पडली. कासं म्हणजे साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील. पितळेत कथलाऐवजी जस्त असतं आणि पितळेची वाटी काशाची म्हणून विकणारेही आहेत. बोटावर तोलून टिचकी मारली की काशाचा नाद लांबपर्यंत घुमतो. रात्री झोपण्याआधी तळपायाला साजूक तूप किंवा खोबरेल लावून वाटीची पालथी बाजू गोल फिरवायची, एका पायाला पाच-सात मिनिटं. तूप काळं पडतं. 'अंगातली उष्णता निघाली' असं सगळे म्हणतात. माझ्या भाच्याच्या पायावर फिरवली, रात्रीचे दहा तास झोपणारा मुलगा तो, तरी तूप तितकंच काळं. घाम आणि तूप यांतली आम्लं तांब्याशी मिळतात आणि घासण्याने धातूची भुकटी सुटते, त्याचा तो रंग. काळेपणावरून कशाचंच मोजमाप करू नये. पण वाटीचा उपयोग मात्र मला पुरेपूर झाला. डोळ्यांची जळजळ कमी झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पायांची आग थांबली, टाचांच्या भेगा थंडीतही भरून आल्या आणि पडल्या पडल्या झोप लागायला लागली, हे नक्की. जत्रेत आणि प्रदर्शनात काशाच्या थाळीच्या मशीन असतात, त्यावरही बसले. बरं वाटतं, पण हाताने फिरवलेल्या वाटीची मजा नाही. सासूबाई माझ्या पायाला वाटी लावून देतात आणि मी त्यांच्या. टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत दोघींचं आटपतं, आणि त्या वेळात आम्ही एरवी बोलत नाही त्या गोष्टी बोलतो.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावून, शेक देऊन न्हाऊ घालतात. बाळालाही मालिश, धुरी. दिवाळीत पहाटे उठून तेल-उटणं. नंतर चाळीस-पन्नास वर्षं त्याच अंगाला कुणी तेलाचा हात लावत नाही. सासूबाईंचं हे म्हणणं मला पटलं. आता रविवारी घरीच अभ्यंग करते. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल, लिटरला 450 रुपये, एका वेळी जेमतेम अर्धी वाटी लागतं.

खर्च: क्लिनिकमध्ये अभ्यंग आणि वाफ मिळून 1200 रुपये. पहिले दोन महिने दर आठवड्याला गेले, पुढे पंधरवड्याने. मॉलमधल्या स्पाचा दर यापेक्षा दुप्पट होता. पैसे कमी असतील तर माझा सल्ला असा: वाटी आणि तेल घ्या, महिन्यातून एकदा चांगल्या हाताकडे जा आणि उरलेले पैसे फिजिओला द्या. वजन एक ग्रॅमही कमी झालं नाही, बीपीची गोळीही तीच आहे. ती बंद होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

काही जणांनी जपून. पायात रक्ताची गाठ झालेली असेल किंवा एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं असेल तर मसाज अजिबात नाही, आधी दवाखाना. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ असणं, हृदयविकार, गरोदरपण, यांत डॉक्टरांना विचारूनच. बीपी आटोक्यात नसेल तर वाफेची पेटी नको. माझ्या आईला मधुमेह आहे, पायांची संवेदना कमी झालेली, म्हणून तिच्या पायाला मी वाटी लावत नाही. तेल माझ्या मनगटावर तपासून, नुसत्या हाताने, आणि बोटांच्या मध्ये चीर किंवा जखम नाही ना ते रोज बघून.

घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बाथरूममध्ये आधी रबरी पायपुसणं टाका, तेलाच्या पायाने फरशीवर घसरण्याची भीती खरी आहे. टॉवेल वेगळा ठेवा आणि गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा, नाहीतर महिन्याभरात खवट वास बसतो तो जात नाही.

ऊन वाढल्यामुळे वैद्यबाईंनी सध्या वाफ बंद केली आहे. नुसतं अभ्यंग, तेही खोबरेलाचं, पंधरा दिवसांतून एकदा. पाऊस लागला की पेटी पुन्हा सुरू. दमट हवेत मान कशी राहते ते बघून इथेच लिहीन.