लोटस सेव्हन गाडीच्या नावाखाली ४,८५,००० गेले, जुन्या गाड्यांची रेप्लिका (नक्कल) बांधून घेणाऱ्यांनी वाचा

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला जीभ रेटत नाही. टोकन ५०,०००, चासीचे १,७५,०००, इंजिन-गिअरबॉक्सचे १,६०,०००, फायबर बॉडीच्या मोल्डचे १,००,०००. एकूण ४,८५,०००. पावती फक्त टोकनची, तीही कच्ची. ‘एवढे पैसे खेळण्यात घालायचे कशाला’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणून घ्या, घरी ते रोज ऐकतोच आहे.

मला लोटस सेव्हन बांधायची होती. १९५७ ची, लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनची, जेमतेम ५०० किलोची उघडी गाडी. यात वेडेपणा काही नाही. सेव्हन मुळात सुट्या भागांत विकली जायची, इंग्लंडात त्यामुळे खरेदी कर वाचायचा आणि लोक घरी जोडायचे. पाइपची चासी, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. आपल्याकडे त्याला मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन चांगलं बसतं. नाशिकच्या अंबडमधल्या ज्या शेडवाल्याला मी हे काम दिलं, त्याला हे सगळं पाठ होतं. उलट त्यानेच मला विचारलं, ‘दादा, मागे जिप्सीचाच अ‍ॅक्सल ठेवायचा की इंडिपेंडंट सस्पेन्शन करायचं?’ असं विचारणाऱ्यावर तुम्ही संशय घेतला असता? मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे, कुणीही यावं आणि टोपी घालून जावं असा नाही.

पण तो फोटो. चासीचे पैसे दिल्यावर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. जिगवर (पाइप जागेवर धरणाऱ्या साच्यावर) टॅक मारलेली, म्हणजे कच्ची वेल्ड केलेली सुंदर फ्रेम, आणि पेडल बॉक्स, म्हणजे ब्रेक-क्लचच्या पेडलांची जागा, डावीकडे. मी लगेच विचारलं, हे लेफ्ट हँड ड्राइव्ह कसं? म्हणाला, ‘पोराने सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय, उलटा आलाय.’ मला पटलं! त्याच फोटोत मागच्या भिंतीवर इंग्रजी पोस्टर होतं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर सुलट होतं. फोटो उलटा आला असता तर पोस्टरही उलटं नको? परदेशातल्या कुणाच्या तरी गॅरेजचा फोटो होता तो. आज तो उघडला की आधी पोस्टरच दिसतं. त्या दिवशी मात्र मी वेल्डिंगचे सांधे मोठे करून बघत होतो आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाचे १,६०,००० पाठवले. तेही त्याच्या भाच्याच्या खात्यात, ‘जीएसटीचा लफडा नको’ म्हणून. खातं दुसऱ्याच्या नावाचं असेल तर एक रुपया पाठवू नका.

फ्रेम शेवटी दाखवली, पण ती फोटोतली नव्हतीच. ठरलं होतं २५ मिमी चौकोनी पाइप, १६ गेज, म्हणजे १.६ मिमी जाडी. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला तर १.२. फर्निचरवाले वापरतात तो पाइप, सांध्यांवर ग्राइंडर मारून वर पुट्टी. मी आवाज चढवला तसा ‘दादा, ही नुसती डमी आहे’. पुढच्या आठवड्यात शटर बंद. शेडमालक म्हणतो, भाडं त्याचंही थकलंय. व्हर्नियर खिशात ठेवा, आणि मोल्डचे पैसे द्यायच्या आधी इंजिन हाताने फिरवून बघा. मी इंजिन पाहिलंच नव्हतं.

आता पोलीस. ‘गाडी नंबर?’ नाही. ‘चासी नंबर?’ साहेब, चासीच तर बनायची होती. ‘मग चोरीला काय गेलं?’ पैसे. ‘ते तुम्हीच दिले ना? सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.’ सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे माणूस समोरासमोर भेटलेला, म्हणून पुन्हा पोलीस ठाण्यातच जा. तिथे दुसऱ्या साहेबांनी माझ्यावरच डाव उलटवला: आरसीत आहे त्याहून वेगळी गाडी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, तुमच्यावरच केस होईल. अहो, मी ती ट्रेलरवर टाकून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला, रेस ट्रॅकवर नेणार होतो, कॉलेज रोडवर मिरवणार नव्हतो. ‘जिप्सीच्या कागदांवर पास करून देतो’ असं तो शेडवालाच म्हणाला होता, मी मागितलं नव्हतं. फसवणुकीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय हे मीच ठाणे अंमलदाराला सांगितलं, तर म्हणे ‘वकील आहात का?’ अर्जावर शिक्का मारून घ्यायला तासभर हुज्जत. ज्याचे पैसे गेले त्यालाच आरोपीसारखं उभं करायचं, आणि तो तिकडे मोकळा! ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर तीच तक्रार वरिष्ठांना पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. मी पाठवली आहे.

ग्राहक आयोगातही अर्ज टाकलाय. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, तेवढं एक बरं. चॅट डिलीट करू नका, रागाने तर मुळीच नाही, माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच उरलंय.

कानावर आलंय की आता पाथर्डी फाट्याच्या बाजूला तो कुणाला तरी पोर्श ५५० स्पायडर बांधून देतोय. टोकन तेच, ५०,०००. ते तुम्हीच असाल, किंवा त्याच्याकडे तुमचेही पैसे अडकले असतील, तर मला मेसेज करा, तक्रार एकत्र देऊ.