निम्मं ऑइल, दुप्पट भाव: होडीच्या मशीनसाठी ‘सिंथेटिक’ घेताना होणारी फसवणूक

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. त्याच्या आधीच्या आठवड्यात बंदरावरच्या दुकानांत ऑइलचे खोके उतरतात, आणि फसवणूक होते ती याच घाईत. गिऱ्हाईक बहुतेक ठरलेलं: फायबरची होडी, ८ किंवा ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं) मशीन, २४ लिटरची टाकी.

दुकानदार दोन कॅन पुढे ठेवतो. साधं (खनिज) ऑइल समजा ३५० रुपये लिटर, ‘फुल सिंथेटिक’ ७००. गिऱ्हाईक भावाला बिचकलं की खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशोब मांडला जातो. साधं ५०:१, म्हणजे पेट्रोलच्या लिटरला २० मिली, टाकीला ४८० मिली, १६८ रुपये. सिंथेटिक १००:१, लिटरला १० मिली, टाकीला २४० मिली, तेही १६८ रुपये. “सिंथेटिक आसा, निम्माच घाल. काय्येक होणा नाय.” गणित बरोबर आहे. खोटं आहे ते त्या गणिताखालचं गृहीत: सिंथेटिक म्हणून निम्मं चालतं.

पहिल्या दोन-चार टाक्यांना गिऱ्हाईक खूश असतं, कारण धूर खरंच कमी होतो. होणारच, ऑइलच निम्मं जातंय. फोर-स्ट्रोकसारखा ऑइलचा वेगळा साठा अशा टू-स्ट्रोकला नसतो. पेट्रोलबरोबर जेवढं आत जाईल तेवढ्यावरच क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं आणि पिस्टन-सिलिंडर यांचं भागतं, आणि मग ते जळून जातं. प्रमाण किती हे मशीन बनवणारा ठरवतो, ऑइल विकणारा नाही. काही मशीनना कंपनीनेच १००:१ दिलेलं असतं, पण तिथे ते मशीनच्या पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तकात ५०:१ असेल तर ऑइल खनिज असो की सिंथेटिक, ५०:१ च. नव्या किंवा बोअर केलेल्या मशीनला रनिंग-इनपुरतं, म्हणजे सुरुवातीच्या तासांपुरतं, बहुधा २५:१ सांगतात, लिटरला ४० मिली. तिथेही ‘सिंथेटिक आहे म्हणून कमी’ चालत नाही.

नुकसान कळायला वेळ लागतो. आधी गार मशीन सुरू व्हायला दोरीचे दोन-तीन झटके जास्त लागतात. मग पूर्ण थ्रॉटलवर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन बसल्यासारखं होतं, थ्रॉटल कमी केला की पुन्हा सावरतं. शेवटी एक दिवस दोरी ओढवत नाही. असं एक, दोन सिलिंडरचं मशीन उघडल्यावर दिसलेलं नेमकं सांगण्यासारखं आहे. वरच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, नखाला लागतील एवढे खोल. रिंगा खाचेत तपकिरी चिकट थराने घट्ट बसलेल्या, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानेही हलत नव्हत्या. आणि प्लगच्या टोकावर करडा-पांढरा खर, म्हणजे कडक थर, एका बाजूला तो इलेक्ट्रोडच्या फटीतच अडकलेला.

ओरखडे आणि बसलेल्या रिंगा ऑइल कमी पडल्याने समजू शकतात. खराचं कारण वेगळं. तो राखेचा खर असतो, आणि समुद्रातल्या मशीनसाठी बनवलेल्या ऑइलमधून अशी राख येऊ नये. कॅनमध्ये मोटारसायकल-रिक्षाचं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल होतं, रंग घालून.

हा फरक भावापेक्षा मोठा आहे. टू-स्ट्रोक रिक्षाचं इंजिन हवेने गार होतं आणि फार तापतं. ती उष्णता सोसावी म्हणून त्याच्या ऑइलमध्ये धातूचे क्षार असलेली रसायनं घालतात आणि त्यांची थोडी राख उरते. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने गार राहतं, पण तासन्‌तास भरल्या भाराने चालतं. अशा वेळी पिस्टनच्या डोक्यावर साठलेली राख निखाऱ्यासारखी तापते, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून आउटबोर्डचं ऑइल राखविरहित असतं. त्याचा दर्जा म्हणजे टीसी-डब्ल्यू३, आणि तो देते अमेरिकेतली एनएमएमए ही बोटउद्योगाची संघटना. रिक्षा-मोटारसायकलच्या ऑइलवर जासो (जपानी मानक) एफबी, एफसी, एफडी किंवा एपीआय (अमेरिकन मानक) टीसी असतं. ‘एफडी सगळ्यात वरचा’ असं सांगून ते होडीवाल्याच्या गळ्यात मारतात. वरचा आहे, पण रिक्षासाठी. (उलटही करू नये. टीसी-डब्ल्यू३ स्कूटरमध्ये टिकत नाही.)

मग सिंथेटिक घ्यायचं की साधं? टीसी-डब्ल्यू३ च्या परीक्षेत दोघांना तेच पेपर असतात: वंगण, रिंग अडकणं, गंज, पेट्रोलमध्ये मिसळणं, वेळेआधी पेट घेणं. पास झालेलं खनिज ऑइल रोज चार-पाच तास चालणाऱ्या, पुस्तकाप्रमाणे ५०:१ वर असलेल्या मासेमारीच्या मशीनला पुरतं, जादा पैशांची गरज नाही. सिंथेटिकने धूर आणि कार्बन कमी होतो. पर्यटक बसवणाऱ्या होडीला, किंवा गळ सोडून तासभर कमी थ्रॉटलवर रेंगाळणाऱ्या मशीनला त्याचा फायदा होतो. आणखी एक मेख आहे. ‘सिंथेटिक’ शब्दाचा अर्थ सगळीकडे एक नाही. बऱ्याच बाजारांत खूप शुद्ध केलेलं खनिज तेल, ज्याला ग्रूप ३ म्हणतात, तेही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ‘सेमी-सिंथेटिक’ मध्ये सिंथेटिक किती टक्के, याचं तर बंधनच दिसत नाही. म्हणून आधी टीसी-डब्ल्यू३ पाहायचं, सिंथेटिक की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

कॅन हातात घेतल्यावर पुढची बाजू सोडून द्या. मागे बघा. ‘टीसी-डब्ल्यू३ सर्टिफाइड’ आणि आरएल या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो एनएमएमएच्या यादीत शोधता येतो. ‘टीसी-डब्ल्यू३ टाइप’, ‘मीट्स टीसी-डब्ल्यू३’, ‘आउटबोर्डसाठीही योग्य’ ही दुकानदाराची भाषा झाली, प्रमाणपत्राची नव्हे. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, निव्वळ माप, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे पॅकबंद मालावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काही स्टिकरने झाकलेलं असेल तर स्टिकर उचलून पाहा. झाकणाखालचं फॉइल काठापर्यंत सपाट चिकटलेलं हवं, गोंदाचा ओघळ नको.

रंग, वास, फ्रीजमध्ये गोठवणं, कागदावरचा डाग, काडीने पेटवणं, यातल्या कशानेही काही सिद्ध होत नाही. निळा-हिरवा रंग हा फक्त रंग असतो. एक साधी चाचणी मात्र अगदी ढोबळ नक्कल पकडते: काचेच्या बाटलीत १ लिटर पेट्रोल, त्यात २० मिली ऑइल, दहा-बारा वेळा हलवून अर्धा तास सावलीत ठेवा, आग-विडीपासून लांब. तळाला धागे किंवा थर बसला तर ते ऑइल टाकीत घालू नका. काही बसलं नाही म्हणून ऑइल खरं ठरत नाही, एवढं लक्षात ठेवा. रिक्षाचं टू-टीही छान मिसळतं.

तक्रार घेऊन गेलं की उत्तर तयार असतं: “तुमच्या पेट्रोलात पाणी.” हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते चालतं. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यात पाणी पुरेसं गेलं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. मशीन तळातून ओढतं, म्हणजे त्याला ऑइलच मिळत नाही. हा पळवाटीचा दरवाजा आधीच बंद करा. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, तेवढ्यापुरतंच मिश्रण करा, महिन्याहून जुनं वापरू नका, आणि बिघाड झाला की टाकीतलं लिटरभर पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून त्याचा फोटो घ्या.

संशय आला त्या दिवशी मशीन बंद. टाकी, नळी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. दोन सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर हेड उघडावं लागेल. खराब मिश्रणात आणखी ऑइल ओतून ते दुरुस्त होत नाही. ऑइल वाढलं की पेट्रोलचा वाटा घटतो, मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होऊन मशीन आणखी तापतं, प्लगही काजळतात. फेकायचं मिश्रण समुद्रात नको.

पुरावा म्हणजे बिल, त्यावर ऑइलचं नाव आणि बॅच, त्याच बॅचचा एक न उघडलेला कॅन, उघडलेल्या कॅनमधलं २०० मिली काचेच्या बाटलीत, आणि काढलेला प्लग न पुसता. ‘कच्चं बिल’ घेऊन वाचवलेले शंभर-दोनशे रुपये इथे महाग पडतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. “तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही” असं विक्रेता म्हणेल. स्वतःच्या हाताने रोजीरोटी कमावण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘व्यापारी हेतू’तून वगळलेली आहे. स्वतः होडी चालवणाऱ्याने हे अर्जातच लिहावं.

आणि रिकामे कॅन. झाकणासकट अखंड कॅन कोणी जादा भावाने मागत असेल तर तो भंगार घेत नाहीये, पुढच्या हंगामाचा माल भरतोय. कॅनच्या बुडाला खिळ्याने दोन भोकं पाडा, लेबलवर सुरी फिरवा, मग द्या.