सेल्फच्या कामासाठी बिनधास्त इथे न्या

आमची जुनी डिझेल जीप महिनाभर सकाळी सेल्फच घेईना, नुसतं टक टक, मग शेजारच्यांना बोलवा आणि धक्का मारा. एका गॅरेजवाल्याने काही न तपासता नवीन बॅटरी गळ्यात मारली, चार दिवसांत परत तेच. शेवटी कराडच्या या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली.

काकांनी आधी मीटर लावला. बॅटरी 12.6 व्होल्ट, आणि सेल्फ मारताना पण 12 च्या खाली येईना, म्हणजे बॅटरी ठणठणीत, सेल्फची (इंजिन फिरवून चालू करणारी) मोटरच करंट ओढत नाहीये. मग पान्याने मोटरच्या बॉडीवर हलके दोन ठोके दिले आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू!! "दादा, कार्बन संपलेत." खोलून दाखवलं तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, नखाएवढे उरलेले, आत सगळी काळी पूड. कार्बन आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती रिंग) बदलले, कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) घासून चकचकीत केला, अर्थिंगच्या वायरखालचा गंजपण काढला, मी सांगितलंही नव्हतं. जुने पार्ट हातात दिले, बिल 900 रुपये. नवीन सेल्फ घ्यायला लावला असता तर मी घेतला असता हो, पण त्यांनी तसं केलं नाही. फक्त सकाळी लवकर जा, दुपारनंतर ट्रॅक्टरवाल्यांची रांग असते.