टेम्प्लेट बेसचा मेंबर सापडत नाही: 'धिस', 'यूझिंग' की पूर्ण नाव?

सी++ मध्ये 'बेस<टी>' या टेम्प्लेट क्लासमध्ये (टी म्हणजे नंतर ठरणारा टाइप) 'लांबी()' हा मेंबर आहे, पण त्यावरून काढलेल्या टेम्प्लेट क्लासमध्ये नुसतं 'लांबी()' लिहिलं की जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर अडतात. एखाद्या टीसाठी कुणी 'बेस'चं वेगळं स्पेशलायझेशन (त्या टाइपपुरती खास आवृत्ती) लिहून त्यातून 'लांबी()' वगळलेलं असू शकतं. म्हणून टीवर अवलंबून नसलेलं नाव शोधताना कंपायलर अशा बेसमध्ये डोकावतच नाही.

एरर आली तर बरंच. बेसमध्ये 'क्लोज(इंट)' आहे आणि युनिक्सचं हेडरही घेतलंय, तर 'क्लोज(एफडी)' (एफडी म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक) मुकाट्याने सिस्टिमचं क्लोज बोलावतं.

'धिस->लांबी()' ('धिस' म्हणजे चालू ऑब्जेक्टचा पॉइंटर) लिहिलं की नाव टीवर अवलंबून ठरतं आणि शोध इन्स्टॅन्शिएशनपर्यंत, म्हणजे टीच्या जागी खरा टाइप बसेपर्यंत, लांबतो. व्हर्च्युअल कॉल (पुढच्या क्लासने बदललेली आवृत्ती चालवणारा) शाबूत राहतो. दर वापराला लिहावं लागतं, एवढाच जाच. एक-दोन ठिकाणचं काम असेल तर हेच घ्या.

तेच नाव दहा-बारा ठिकाणी येत असेल तर क्लासमध्ये एकदाच 'यूझिंग बेस<टी>::लांबी;' लिहा; त्या नावाचे सगळे ओव्हरलोड (वेगवेगळ्या आर्ग्युमेंट्सच्या आवृत्त्या) येतात. मात्र ही ओळ पब्लिक भागात पडली तर बेसमधला प्रोटेक्टेड (बाहेरच्यांना बंद, वारस क्लासना खुला) मेंबर बाहेरच्यांना खुला होतो. आणि ज्या स्पेशलायझेशनमध्ये 'लांबी' नाही, तिथे क्लास इन्स्टॅन्शिएट होताक्षणीच एरर येते, ती मेथड कुणी वापरली नसली तरी. 'धिस->' मध्ये ती मेथड प्रत्यक्ष वापरली तरच येते. बेसची बरीच स्पेशलायझेशन्स असलेल्या लायब्ररीत हा फरक निर्णायक ठरतो.

'बेस<टी>::लांबी()' सवयीने लिहू नका. पूर्ण नावाने केलेल्या कॉलमध्ये व्हर्च्युअल डिस्पॅच बंद होतो, पुढच्या क्लासने केलेलं ओव्हरराइड डावललं जातं आणि वॉर्निंगही मिळत नाही. ओव्हरराइडमधून मुद्दाम बेसचीच आवृत्ती बोलवायची असेल किंवा मेंबर स्टॅटिक असेल, तिथेच हे शोभतं.

जीसीसीचा 'एफपरमिसिव्ह' हा नियम सैल करणारा फ्लॅग लावून एरर दाबणं हा पर्यायच धरू नका. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर जुन्या सैल मोडमध्ये नुसतं नावही चालवून घेतो; सी++20 मोड निवडला की 'परमिसिव्ह-' हा कडक मोड आपोआप लागू होतो आणि तोच कोड अडतो.

बेसमधल्या टाइपसाठी 'धिस->' उपयोगाचं नाही; तिथे 'यूझिंग टाइपनेम बेस<टी>::व्हॅल्यू_टाइप;' लागतं. मेंबर स्वतः टेम्प्लेट असेल आणि कॉलमध्ये कंसातला टाइप द्यायचा असेल, तर 'धिस->टेम्प्लेट गेट<इंट>()' लिहा. मधला 'टेम्प्लेट' गाळला तर '<' हे चिन्ह कंपायलर 'पेक्षा लहान' असं वाचू शकतो आणि एरर भलत्याच जागी दिसते.