बॅग ऑफ होल्डिंग: पाचशे पौंडांची पिशवी, दहा मिनिटांची हवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४च्या नियमांत पार्टीच्या (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीच्या) हाती लवकर लागणाऱ्या जादूई वस्तूंपैकी बॅग ऑफ होल्डिंग ही एक: बाहेरून दिसते त्याहून आत कितीतरी मोठी असलेली पिशवी. दुर्मिळतेचा दर्जा 'अनकॉमन', अट्यूनमेंटची (वापरण्याआधी वस्तूशी जादूई नातं जोडण्याची) भानगड नाही, आणि डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकातल्या भावपट्टीप्रमाणे किंमत १०१ ते ५०० सोन्याची नाणी. एवढ्या पैशांत याहून उपयोगी वस्तू मिळणं कठीण. तरी टेबलावर सगळ्यांत जास्त वाद हिच्यावरूनच होतात, कारण मूळ मजकूर जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे आणि खेळाडूंची डोकी सुपीक असतात.

आधी क्षमता. तोंड २ फूट, खोली ४ फूट, आत ६४ घनफूट जागा, भार ५०० पौंड, आणि काहीही भरलं तरी पिशवीचं स्वतःचं वजन १५ पौंड. लोक ६४ घनफुटांवर खूश होतात, पण अडतं ते वजनावर. ५०० पौंड म्हणजे साधारण २२७ किलो. बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून गव्हाची ५० किलोची चार पोती उचलली, तर जागेचा साधारण सातवा हिस्साच भरतो आणि भाराचे मात्र २७ किलोच उरतात. सोन्याची नाणी पौंडाला ५० धरतात, म्हणजे २५,००० नाण्यांवर पिशवी संपली. मर्यादा ओलांडली तर ती नुसती जड होत नाही, फाटते. पिशवी गेली आणि आतला माल अ‍ॅस्ट्रल प्लेनवर (खेळातल्या एका वेगळ्या जादूई जगात) विखुरला. भोक पडलं तरी तेच. म्हणून पिशवीची यादी कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) कोपऱ्यात न कोंबता वेगळ्या कागदावर ठेवा, प्रत्येक ओळीपुढे वजन लिहा आणि ४५० पौंडांच्या पुढे जाऊ नका. उघडी तलवार आत टाकल्यावर काय होतं हे नियम सांगत नाही. म्यानात असेल तर चालेल, नागवी असेल तर डीएमने एकदा ताकीद द्यावी, हा आमचा निवाडा.

लढाईत ही वस्तू मंद आहे. काहीही बाहेर काढायला पाळीतली मुख्य कृती, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन जाते. बरं करणारं औषध पिशवीत ठेवलं तर एक पाळी काढण्यात आणि दुसरी पिण्यात जाते, तोवर मित्र गतप्राण. औषधं कमरेच्या पट्ट्यालाच हवीत. आत टाकायला किती वेळ लागतो याबद्दल नियम गप्प आहे. पाळीतल्या फुकट हालचालीत एक वस्तू टाकू द्यावी, एवढं पुरे. हँडी हॅवरसॅक ही जादूई पाठपिशवी झटपट असते असं अजूनही ऐकू येतं, ते जुन्या आवृत्तीतलं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तिलाही अ‍ॅक्शनच लागते. हवी ती वस्तू वरती येते, शोधावी लागत नाही, एवढाच फायदा. बाजूचे दोन कप्पे २०-२० पौंडांचे, मधला ८० पौंडांचा, स्वतःचं वजन ५ पौंड. दर्जा 'रेअर', म्हणजे भाव ५०१ पासून पुढे. त्या पैशात आम्ही ती घेणार नाही.

आता माणसं भरायची गोष्ट. श्वास घेणाऱ्यांसाठी आत १० मिनिटं भागिले डोकी एवढी हवा असते, कमीत कमी १ मिनिट. चौघे शिरले तर अडीच मिनिटं. पहारेकऱ्यासमोरून एका चोराला नेण्यापुरतं हे ठीक आहे, पण चौघांना घेऊन किल्ल्याच्या दरवाज्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत जाता येणार नाही. हवा संपल्यावर श्वास रोखण्याचा नियम (१ मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनच्या, म्हणजे काटकपणाच्या, मॉडिफायरइतकी मिनिटं) वर जोडायचा का, हे आधी ठरवा. आमच्या मते नाही, नाहीतर दहा मिनिटांना अर्थ उरत नाही. जादूने चालत्या सांगाड्यांना श्वासच नसतो, ते हवे तेवढे वेळ बसतात. बडोद्यातल्या टेबलावर विश्वामित्रीतली मगर पकडून शत्रूवर सोडायची कल्पना कधीतरी निघणारच. नियमांत मगर 'लार्ज' (मोठ्या आकाराची) आहे आणि पिशवीचं तोंड २ फूट. मान्य करू नका.

पाण्याचे प्रकार मात्र खरोखर मजेदार आहेत. समजा नवलखी वावेसारख्या विहिरीच्या तळाशी १० बाय १० फुटांची खोली ५ फूट पाण्याने भरली आहे: ५०० घनफूट. घनफूटभर पाणी ६२.४ पौंडांचं, म्हणजे पिशवीत ८ घनफूट मावतं आणि ६३ खेपा होतात. प्रत्येक खेपेला पिशवी उलटी करायची (सगळं सुखरूप बाहेर सांडतं), मग सुलटी करायची, तोवर ती वापरता येत नाही. पाण्याखाली तोंड उघडं राहिलं तर कडक डीएम ती फोडेल आणि त्याला दोष देता येणार नाही. इथे पोर्टेबल होल, म्हणजे घडी घालून नेता येणारं जादूई कापडी भोक, सरस ठरतं. ६ फूट व्यास, १० फूट खोल, म्हणजे सुमारे २८३ घनफूट, आणि वजनाची मर्यादा लिहिलेलीच नाही. दोन खेपांत खोली कोरडी. ते उलटं करता येत नाही, पण कुठल्याही घट्ट पृष्ठभागावर पसरता येतं. बाहेर नेऊन उभ्या भिंतीवर पसरा, पाणी आपोआप वाहून जाईल.

पिशवी शत्रूच्या डोक्यावर उलटी करून दगड ओतायचे असतील तर डीएमच्या पुस्तकातल्या ऐनवेळी ठरवायच्या इजेच्या तक्त्यात अंगावर पडणाऱ्या पुस्तकांच्या कपाटाला १डी१० (एका दहा बाजूंच्या फाशाइतकी इजा) दिलेलं आहे. तेवढंच द्या. ५०० पौंड म्हणून वीस फासे मागणाऱ्याला चहा द्या.

सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे पिशवी आणि होल यांचा बॉम्ब. एक दुसऱ्यात गेलं की दोन्ही नष्ट होतात, १० फुटांतला प्रत्येक जीव अ‍ॅस्ट्रल प्लेनवर खेचला जातो, आणि सेव्हिंग थ्रो (वाचण्यासाठी टाकायचा फासा) नाही. एका पिशवीत दुसरी पिशवी किंवा हॅवरसॅक टाकली तरी हाच परिणाम. पण रोप ट्रिकच्या (दोरीच्या वरच्या टोकाशी तयार होणाऱ्या लपायच्या) जागेत पिशवी नेली तर काही होत नाही, कारण नियम जादूई वस्तूंबद्दल बोलतो आणि रोप ट्रिक हा मंत्र आहे. टाकणारा स्वतःही ओढला जातो म्हणून लोक मेज हँड हा जादूचा हात बनवणारा मंत्र वापरतात. तो हात १० पौंडच उचलतो, १५ पौंडांची पिशवी त्याला झेपत नाही. पण तोंड उघडं ठेवून पिशवी जमिनीवर ठेवली, तर घडी घातलेलं होल तो ३० फुटांवरून आत सोडू शकतो. नियमाने हे चालतं. खलनायकाला असं एका अ‍ॅक्शनमध्ये घालवायचं नसेल तर डीएमने करिष्माचा सेव्ह घरचा नियम म्हणून लावावा, पण मोहीम सुरू व्हायच्या आधी सांगून. ऐनवेळी लावलेला सेव्ह म्हणजे भांडण.

खरेदीपूर्वी एक तपासणी: बॅग ऑफ डिव्हावरिंग, म्हणजे गिळून टाकणारी पिशवी, दिसायला अगदी हिच्यासारखीच असते. हात घालण्याआधी आत भाकरीचा तुकडा टाका आणि थांबा. प्राणिज किंवा वनस्पतीजन्य पदार्थ ती कायमचा खाऊन टाकते, तेव्हा भाकरी परत आली नाही तर हात घालू नका.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या बॉम्बासाठी कापला. होल मिळालं तरी पिशवी विकू नका, फक्त दोन्ही वेगवेगळ्या कॅरेक्टरांकडे द्या, आणि पोहायच्या प्रसंगी पिशवीचं तोंड दोरीने बांधलंय का ते डीएमला मोठ्याने सांगा.